बोर्डोची तांबडी वाइन : मर्यादेतून मोल

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदाराला 'बोर्डो' हे नाव नवे नाही. केवडा रोगापासून वेलींचे रक्षण करण्यासाठी मोरचूद व चुना यांचे जे मिश्रण फवारले जाते, त्याचे नावच बोर्डो मिश्रण. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील ज्या प्रदेशावरून हे नाव पडले, तोच प्रदेश तांबड्या वाइनसाठी जगभर ख्यातनाम आहे. ही वाइन कशी तयार होते हे पाहिले असता, शेतमालाचे मोल केवळ उत्पादन वाढविल्याने वाढत नाही, हे ध्यानात येते.

जमीन आणि वेल

बोर्डो शहराच्या उत्तरेस, झिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर मेदॉक हा चिंचोळा पट्टा आहे. येथील उत्तम बागांची जमीन गोट्यांची व वाळूची. धान्यपिकांस निकस, परंतु पाण्याचा निचरा करणारी. उशिरा पिकणाऱ्या, जाड सालीच्या कॅबर्ने सोव्हिन्यॉ या जातीला ती मानवते. जोडीला लवकर पिकणारी मर्लो ही जात लावतात. एका जातीला हवामानाने दगा दिला, तरी दुसरी हाती लागते.

महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. मेदॉकमध्ये वेल हिवाळ्यात सुप्त असते आणि मुख्य छाटणी त्याच वेळी, एकदाच होते. नामांकित बागांत हेक्टरी १०,००० पर्यंत वेली असतात. मात्र प्रत्येक वेलीवर मोजकेच डोळे राखतात. घड थोडे असले म्हणजे ते नीट पिकतात. तोडणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते.

दोन संकटे

१८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळे शोषणाऱ्या सूक्ष्म किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. तिला तोंड देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर फ्रेंच वेलींचे कलम बांधणे, हाच टिकाऊ उपाय ठरला. पाठोपाठ १८७८ मध्ये केवडा रोग दिसून आला. रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मेदॉकमधील शेतकरी त्यांवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेलींची पाने रोगातही टिकून असल्याचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या १८८२ मध्ये लक्षात आले. प्रयोगांती १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला.

रसापासून वाइन

तांबड्या वाइनचा रंग रसात नसून सालीत असतो. म्हणून देठ काढून चेचलेली द्राक्षे सालींसह टाक्यांत भरतात. किण्व पेशी रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करतात. या काळात वर तरंगणाऱ्या सालींच्या थरावर खालचा रस पुनःपुन्हा सोडतात. त्यामुळे रंग व तुरटपणा रसात उतरतो. दोन ते चार आठवड्यांनी वाइन वेगळी काढतात. त्यानंतर होणाऱ्या दुसऱ्या किण्वनात तीव्र आम्ल सौम्य होते.

पुढे वेगवेगळ्या जातींच्या व वाफ्यांच्या वाइन चाखून त्यांचे मिश्रण ठरवितात. कसोटीस न उतरणारा भाग मुख्य नावाखाली विकला जात नाही. निवडलेली वाइन २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत सुमारे दीड वर्ष मुरते. वेळोवेळी ती गाळावरून निथळून दुसऱ्या पिंपात घेतात. जुन्या पद्धतीत ती निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक वापरतात.

नावाचे रक्षण

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने मेदॉकच्या नामांकित वाइनची पाच श्रेणींत प्रतवारी करण्यात आली. परंतु प्रतिष्ठेबरोबर बनावट मालही वाढतो. तो रोखण्यासाठी फ्रान्सने १९३५ मध्ये उगमस्थान-नामाची राष्ट्रीय व्यवस्था उभारली. गावाचे नाव लावावयाचे, तर द्राक्षे ठरलेल्या सीमेतील व ठरलेल्या जातींचीच हवीत. हेक्टरी उत्पादनही मर्यादेपलीकडे जाता कामा नये. त्यामुळे नाव हे एका मालकाचे न राहता सर्व परिसराची सामाईक ठेव बनते, आणि एकाची लबाडी सर्वांना बाधते.

भारतातही भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला असून नाशिकच्या द्राक्षांना असे मानांकन लाभले आहे. मात्र मानांकनाने केवळ नावाला संरक्षण मिळते. त्या नावाची पत वाढते ती उत्पादकांनी स्वतःहून पाळलेल्या शिस्तीमुळे. मेदॉकच्या निकस जमिनीतून पिकलेला हा धडा द्राक्षापुरता मर्यादित नाही.