परिक्रमा तुकड्यातुकड्यांनी

1977 साली जबलपूरचे चित्रकार-शिक्षक अमृतलाल वेगड पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. त्या वर्षी ते नर्मदेच्या काठाने मंडल्याच्या दिशेने चालू लागले. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस नोकरदार आणि संसारी होता. तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस घराबाहेर काढायची शास्त्रोक्त परिक्रमा त्यांना झेपणारी नव्हती. म्हणून त्यांनी ती खंडाखंडाने केली. सवड मिळाली की निघायचे, चार दिवस चालायचे आणि परतायचे. 2002 पासून, पंचाहत्तरीच्या आसपास, ते पत्नीला सोबत घेऊन पुन्हा काठाला लागले. मधल्या काळात बरगी धरण झाले होते आणि पूर्वी तुडवलेल्या वाटेचा काही भाग जलाशयाखाली गेला होता.

जबलपूरच्या आजच्या ज्येष्ठांचा प्रवास पाहिला, तर वेगडांचीच रीत सगळीकडे दिसते. एकच मोठी यात्रा करून हात जोडण्याचे दिवस गेले. आता वर्षाकाठी दोन-तीन छोटे प्रवास होतात, मध्ये विश्रांती असते आणि तब्येत पाहून पुढचा बेत ठरतो.

या शहरातली मराठी माणसे एका लाटेत आलेली नाहीत. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि इंग्रजी अमलात नोकऱ्यांनी आणखी कुटुंबे आणली. 1870 मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपुरातच जोडले गेले. 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. पुढे इतर आयुध निर्माण्या, वीज मंडळ, उच्च न्यायालय आणि रेल्वेची मोठी कार्यालये यांनी हे शहर नोकरदारांचे आणि म्हणून पेन्शनरांचे केले. मुले पुण्या-मुंबईला, बंगळुरूला, काही अमेरिकेला. त्यामुळे अशा घरांतला पहिला प्रवास नातवंडांकडे होतो आणि त्याला जोडून शिर्डी, पंढरपूर किंवा कोकण उरकले जाते. परदेशातल्या मुलांकडे जाणारे आईवडील तिथल्या मुक्कामाची मुदत, औषधांच्या चिठ्ठ्या आणि आरोग्य विमा यांचा हिशेब आता सराईतपणे मांडतात.

दुसरा प्रवास नर्मदेचा. शहराच्या दक्षिणेला ग्वारीघाट आहे. देवउठनी एकादशीनंतर, चातुर्मास संपला की, परिक्रमावासी निघू लागतात. नदीची लांबी 1,312 किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर पायी अडीच हजारांहून अधिक किलोमीटर होतात. मराठी वाचकाला या वाटेची ओढ गो. नी. दांडेकर, जगन्नाथ कुंटे आणि भारती ठाकूर यांच्या पुस्तकांनी लावली. पण सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांनी दुसरा मार्ग शोधला: बसने, पंधरा-वीस दिवसांत.

या बस-परिक्रमेची आखणी जवळून पाहण्याजोगी आहे. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि प्रवाह ओलांडायचा नाही, हा नियम बसच्या प्रवाशांनाही चुकत नाही. ओंकारेश्वरला संकल्प करून, बाटलीत नर्मदाजल घेऊन दक्षिण तटाने पश्चिमेकडे जायचे. समुद्राजवळ विमलेश्वरला मंडळी खाली उतरतात आणि भरतीची वेळ साधून नावेने मिठीतलाईला, उत्तर तटावर पोचतात. रिकामी बस पुलावरून वळसा घालून त्यांना पुन्हा गाठते. नावेतले हे काही तास ज्येष्ठांची खरी परीक्षा घेतात. चिखलातून चढणे-उतरणे, डोक्यावर ऊन आणि नावेत स्वच्छतागृह नाही. ज्यांना एवढेही नको, ते चैत्रात गुजरातेत उत्तरवाहिनी परिक्रमा करतात. ती सुमारे वीस किलोमीटरची, एका दिवसात होणारी.

तिसरा प्रवास सहलींचा आणि यात्रागाड्यांचा. 1984 मध्ये सुरू झालेली ‘केसरी’ आणि 2013 मधली ‘वीणा वर्ल्ड’ यांसारख्या मराठी कंपन्यांनी ज्येष्ठांसाठी वेगळ्या सहली काढल्या. सोबत टूर मॅनेजर, ओळखीचे जेवण आणि समवयस्कांची संगत. एकट्या राहिलेल्या बायकांना अशा सहलींनी घराबाहेर काढले, हे त्यांचे मोठे काम.

सरकारनेही हात दिला. मध्य प्रदेशाची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना 2012 ची. त्या वर्षी 3 सप्टेंबरला पहिली गाडी भोपाळहून रामेश्वरला गेली. 21 मे 2023 रोजी याच योजनेतून 32 ज्येष्ठ विमानाने प्रयागराजला गेले. महाराष्ट्राने 2024 मध्ये तशीच योजना आणली: वय 60 पूर्ण, कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आणि प्रतिव्यक्ती 30 हजार रुपयांपर्यंत खर्च. त्याआधी 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील प्रवाशांना एसटी मोफत झाली होती.

मात्र मध्य प्रदेशाच्या योजनेत आयकर भरणारा बसत नाही आणि महाराष्ट्रात उत्पन्नाची अट आडवी येते. कारखान्यातून वा कचेरीतून निवृत्त झालेला मध्यमवर्गीय पेन्शनर इथेच गळतो. त्याचा आधार होता रेल्वेची सवलत. 60 वर्षांवरील पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांवरील महिलांना 50 टक्के. 20 मार्च 2020 रोजी कोरोनामुळे ती थांबली. साथ ओसरली, गाड्या पुन्हा भरून धावू लागल्या, पण सवलत काही परत आली नाही. निदान स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ती द्यावी, असे संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीनेही सुचवले आहे. शिल्लक आहे तो खालच्या बर्थचा कोटा: 60 वर्षांवरील पुरुष आणि 45 वर्षांवरील महिला. छोटे छोटे प्रवास वारंवार करणाऱ्याला दर फेरीचे पूर्ण भाडे जड जाते.

संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या 2023 च्या अहवालानुसार 2022 मध्ये भारतात साठीपुढची माणसे 14.9 कोटी होती. 2050 पर्यंत ती 34.7 कोटी होतील. एवढ्या माणसांच्या प्रवासाची सोय वर्षातून एखाद्या मोफत यात्रागाडीने होणार नाही. त्यासाठी घाटाच्या पायऱ्यांना कठडे हवेत, फलाटांवर चालू लिफ्ट हव्यात, मुक्कामाच्या जागी कमोड हवेत आणि भाड्यातली सवलत परत हवी. ज्या पिढीने आयुष्यभर कर भरला, फॅक्टऱ्या, कचेऱ्या आणि शाळा चालवल्या, तिची ही मागणी मुळीच अवाजवी नाही. सवलत रेल्वेने आधी स्लीपर वर्गात पूर्ववत करावी. आणि घरातल्या मुलांनी या दिवाळीत आईवडिलांना त्यांच्या मनातल्या ठिकाणाचे नाव विचारावे आणि खालच्या बर्थचे आरक्षण करून द्यावे.