दिसणारे अक्षर आणि वाचता येणारे अक्षर

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन होऊन रायपूर त्याची राजधानी झाली. त्या काळी हिंदी मजकूर संगणकावर जुळविण्यासाठी 'कृतिदेव' हा टंक सर्रास वापरला जात असे. या टंकात 'रायपुर' हे नाव जुळविले, तर पडद्यावर नागरी अक्षरे उमटतात; परंतु संगणकाच्या स्मृतीत साठविली जातात ती जे, के, अर्धविराम, आय, क्यू आणि पुन्हा जे ही रोमन चिन्हे. टंक त्यांना केवळ नागरी वेष चढवितो.

डोळस वाचकाला हा भेद कधीच जाणवत नाही. दृष्टिहीन वाचकाची गोष्ट निराळी आहे. तो 'स्क्रीन रीडर' या आज्ञावलीच्या साहाय्याने मजकूर ऐकतो, आणि ही आज्ञावली अक्षराचा आकार पाहत नसून स्मृतीतील संकेत वाचते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ साली आरंभिलेली 'एनव्हीडीए' ही अशीच एक आज्ञावली असून ती विनामूल्य मिळते. साधन हाती असूनही नोकरीची जाहिरात अशा टंकात असेल, तर उमेदवाराच्या कानी निरर्थक वर्णांची माळ पडते आणि अर्जाची मुदत टळून जाते. कागदाचे नुसते छायाचित्र संकेतस्थळावर ठेवले, तर तेवढेही ऐकू येत नाही.

यावर उपाय आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनिकोड' या संकेतप्रणालीत प्रत्येक नागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तेथे 'क' हा 'क'च राहतो. त्याच्या जोडीला चित्राखाली त्याचे शाब्दिक वर्णन, शीर्षकांची योग्य नोंद आणि माउसवाचून केवळ कळफलकाने चालणारे अर्ज, एवढी दक्षता घेतली की बरेचसे अडथळे दूर होतात. मजकूर तयार करतानाच ही काळजी घेणे सोपे असते. मागाहून हजारो पाने पालटणे मात्र कष्टाचे होते.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४२ नुसार त्यांना सुगम रूपात मजकूर मिळावा यासाठी उपाय योजणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर संगणकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असा निर्णय दिला. टंकाची निवड ही वरवर किरकोळ भासणारी बाब अशा रीतीने नागरिकाच्या मूलभूत हक्काशी जाऊन भिडते.