माशीला लागलेली कसर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या क्वारी लेक्स तलावांत ट्राउट मासे सोडतात. ते पकडायला काही हौशी लोक गांडूळ न लावता स्वतः बांधलेली खोटी माशी गळाला लावतात. करंगळीच्या नखाएवढ्या गळावर मोरपिसाचा हिरवा चकाकता तंतू गुंडाळला की किड्याचं पोट तयार. कोंबड्याच्या मानेचं पीस भोवती फिरवलं की पाय झाले. मासा फसतो. गंमत पुढेच आहे. पेटीतली ही खोटी माशी खायला एक खरा किडा येतो, आणि तो मुळीच फसलेला नसतो. त्याला पीसच हवं असतं!

हा पाहुणा आपल्या ओळखीचा आहे. घोंगडीला, शालीला कसर लागली असं आपण म्हणतो, त्याच गोतावळ्यातला. कपड्यांवरचा हा पतंग सोनेरी-भुरा, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा लांब. उडताना दिसतो तो पतंग काहीच खात नाही, त्याचं तोंड खाण्याच्या कामाचंच नसतं. नासधूस करते ती त्याची अळी. मादी चाळीस-पन्नास अंडी पिसांत घालते, अळ्या रेशमी जाळी विणून आत चरत बसतात. पेटीत लाल रंगवलेलं पीस असेल तर तळाशी त्यांची विष्ठाही लाल, बारीक रव्यासारखी सापडते.

पीस खाणं सोपं नाही. पीस, लोकर, केस, नखं ही सगळी केराटिनची. या प्रथिनाचे धागे गंधकाच्या पुलांनी एकमेकांना जखडलेले असतात. केस जळल्यावर जो उग्र वास येतो, तो याच गंधकाचा. आपल्या पोटात हे पूल तुटत नाहीत, म्हणून गिळलेला केस जसाच्या तसा बाहेर पडतो. अळीच्या आतड्यात मात्र प्राणवायू नावापुरता आणि वातावरण कडक अल्कलीचं. तिथे आधी पूल तुटतात, मग पाचकरस उरलेलं काम करतात. जनावराच्या पाठीवरचं ऊबदार पांघरूण ती जेवण म्हणून पचवते!

मग पेटी वाचवायची कशी? कडुनिंबाच्या पाल्यावर भिस्त नको. डांबरगोळ्यांची वाफ घट्ट बंद डब्यात साठली तरच किडा मारते. तीच वाफ माणसालाही बाधते, आणि काही प्लास्टिकचे डबे तिने मऊ पडतात.

खरा उपाय स्वयंपाकघरात आहे. पिसं पिशवीत घालायची, हवा काढून तोंड पक्कं बंद करायचं आणि ओल्या खोबऱ्याच्या, पुरणपोळ्यांच्या शेजारी फ्रीझरमध्ये ठेवायची. उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवलं की अळ्यांसोबत अंडीही मरतात. हळूहळू गार होऊ देऊ नये, कारण किडा तेवढ्यात थंडीला सरावतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. दव पिशवीवर जमू द्यावं, पिसांवर नाही.

जपायचं ते अशाकरता, की या पेट्यांमध्ये आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या जातीची पिसंही असतात. मानेच्या त्या पिसांच्या टोकाला मेणाच्या थेंबासारखे ठिपके असतात. भारतात या पक्ष्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. रानातून नवं पीस आणायचं नाही, हाती आहे ते सांभाळायचं.

तेव्हा पीस असो की आजीची शाल, घरात नवं-जुनं काही लोकरीचं आलं की त्याचा पहिला मुक्काम फ्रीझरमध्ये, दुसरा घट्ट झाकणाच्या डब्यात. कपाटात नंतर.