झोपेचें औषध आणि ताठलेलें शरीर

कोपर वांकवितांना दंडाच्या पुढील बाजूचा स्नायु आकसतो आणि त्याच क्षणीं मागील स्नायूस सैल पडण्याची आज्ञा मज्जारज्जूंतून मिळते. स्नायूंमधील ही परस्पर-समजूत चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें उलगडून दाखविली. शरीराला ‘चल’ या आज्ञेइतकीच ‘थांब’ या आज्ञेचीहि गरज असते.

ही दुसरी आज्ञा बिघडल्यास काय होतें, तें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या मर्श व वोल्टमन या डॉक्टरांनीं १९५६ सालीं चौदा रोग्यांची हकीकत देऊन सांगितलें. पोटाचे व पाठीचे स्नायु एकदमच आकसून राहात. कमर फळीसारखी ताठ होई. मोटारीचें शिंग वाजलें, कोणी मागून हांक मारली, तरी सर्वांगांत वेदनेची उबळ येई आणि रोगी लांकडी बाहुल्यासारखा कोसळे. झोप लागली म्हणजे मात्र तोच देह सैल पडे. या रोगास त्यांनीं ‘स्टिफ मॅन सिंड्रोम’ म्हटलें. पुढें स्त्रियांचीच संख्या अधिक आढळल्यानें ‘मॅन’ जाऊन ‘पर्सन’ आलें. दहा लाखांत एखाददुसऱ्यासच हा रोग होतो.

१९६३ सालीं त्याच संस्थेंतील हॉवर्ड यांनीं डायझेपाम देऊन पाहिलें. काळजी व निद्रानाश यांवरचें हें औषध त्याच वर्षीं अमेरिकेंत बाजारांत आलें होतें. ताठरपणा उतरला. येथेंच गैरसमजास खतपाणी मिळालें. भीतीनें उबळ येते आणि मन शांत करणाऱ्या गोळीनें ती जाते. तेव्हां रोग मनाचाच, असें घरच्यांस वाटावें यांत नवल नाहीं! पुष्कळ रोग्यांस भित्रेपणाचा शिक्का वर्षानुवर्षें सोसावा लागला.

‘थांब’ हा निरोप पोंचविणाऱ्या रसायनाचें नांव गाबा. तें बनविणाऱ्या एन्झाइमाविरुद्ध प्रतिद्रव्यें रोग्यांच्या शरीरांत असतात, हें १९८८ सालीं उघडकीस आलें. डायझेपाम स्वतः गाबाचें काम करीत नाहीं. उरलेल्या गाबाचा प्रभाव तें वाढवितें.

म्हणूनच काळजीसाठीं एका वेळीं पांच-दहा मिलिग्रॅम पुरत असतां, या रोग्यांस दिवसाकांठीं चाळीस किंवा त्याहूनहि अधिक लागूं शकतें. गुंगी येते, तोल जातो, हें खरें. पण एवढा आंकडा पाहून धास्तावलेल्या आप्तानें गोळ्या एकाएकीं बंद केल्यास उबळी उसळून येतात, आंकडीहि येऊं शकते. मात्रा उतरवावयाची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, आठवड्यांमागून आठवडे, थोडी थोडी.