माउंटपूर्वी मेटाडेटाची पडताळणी

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ साली देशातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. सात-बारा संगणकावर गेला, म्हणजे शेतकऱ्याच्या हक्काचा पुरावा महसुली दप्तराइतकाच फाइल-व्यवस्थेवरही विसंबू लागला. ही व्यवस्था विश्वासार्ह आहे की नाही, हे कसे ठरते?

कोणती फाइल कोणत्या खंडांत आहे आणि कोणते खंड मोकळे आहेत, ही माहिती म्हणजे मेटाडेटा होय. मजकुराचा एक खंड बिघडल्यास हानी बहुधा एका फाइलपुरती राहते. परंतु बिघडलेला मेटाडेटा खरा मानून लेखन सुरू झाल्यास, वापरातील खंड मोकळे समजले जातात व त्यांवर नवा मजकूर चढतो. म्हणून परीक्षा माउंट करण्यापूर्वीच व्हावी लागते.

लिनक्समधील एक्स्ट४ व्यवस्थेचा सुपरब्लॉक विभागाच्या आरंभापासून १०२४ बाइटांवर असतो. कर्नल त्यातील ‘ईएफ५३’ ही षोडशमान खूण प्रथम पाहते. खंडाचा आकार मर्यादेत आहे काय, भाजक म्हणून वापरावयाची दर गटातील खंडसंख्या शून्य तर नाही, एकूण खंडसंख्या प्रत्यक्ष विभागाहून मोठी तर नाही, हे ती नंतर तपासते. २०१२ मधील लिनक्स ३.५ पासून मेटाडेटाला चेकसम जोडण्याचीही सोय झाली. तथापि चेकसम आकस्मिक बिघाड ओळखतो. हेतुपुरस्सर फेरफार करणारा तो नव्याने मोजून लिहू शकतो.

शिवाय, प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे संभवनीय असणे पुरेसे नाही. गावातील सात-बारांवरील क्षेत्रांची बेरीज आकारबंदाशी ताडल्यावाचून चूक उमगत नाही. तद्वतच एकच खंड दोन फाइलींकडे नोंदलेला आहे काय, हे सर्व नोंदी परस्परांशी ताडूनच कळते. हे काम माउंट करताना होत नाही. ते माउंट न केलेल्या विभागावर ‘ई२एफएससीके’ हा कार्यक्रम करतो.

मात्र दुरुस्ती हेही लेखनच होय. हा कार्यक्रम नोंदी सुसंगत करतो. मूळचा मजकूर परत आणण्याची हमी देत नाही. यास्तव प्रथम विभागाची पूर्ण प्रत घ्यावी, नंतर काहीही न लिहिता तपासणी करावी आणि दुरुस्ती शेवटी हाती घ्यावी.