नवीं घरें आणि पाण्याचा प्रश्न

पुण्याच्या सीमेवर आज जिकडे पाहावें तिकडे दहा-बारा मजल्यांच्या नव्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या जाहिरातींत बाग असते, पोहण्याचा तलाव असतो, वृद्धांसाठीं फिरण्याची वाट असते. स्वयंपाकघरांतल्या नळास पाणी कोठून येणार, हें मात्र बहुधा लिहिलेलें नसतें. सुशिक्षित कुटुंबें घर घेतांना दिशा पाहतात, शाळा किती दूर आहे तें पाहतात, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब तर पैपर्यंत करतात, परंतु पाण्याविषयीं "महानगरपालिकेची हद्द आहे ना?" एवढें विचारून समाधान मानतात.

प्रथम साधा हिशेब पाहूं. शहरांत दर माणशीं दररोज १३५ लिटर पाणी लागतें, असें मान आपल्याकडे सामान्यतः धरलें जातें. चारशें बिऱ्हाडांची एक वसाहत घ्या. दर बिऱ्हाडांत पांच माणसें धरलीं तर दोन हजार माणसें झालीं, आणि त्यांस रोज २,७०,००० लिटर पाणी पाहिजे. नळ आला नाहीं तर दहा हजार लिटरच्या टँकरच्या सत्तावीस खेपा रोज झाल्या पाहिजेत; त्यांस रविवार नाहीं कीं दिवाळी नाहीं. ज्या घरांत आजी-आजोबा, लहान मुलें व येणारेजाणारे आहेत, तेथें हें मान पुरतें कीं नाहीं, तें घरांतील गृहिणींसच विचारावें!

पुणें हें पाण्यास पारखें शहर मुळींच नव्हे. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी जमिनीखालच्या नळानें शहरांत आणलें व जागोजाग हौद बांधून पेठांस दिलें. पुढें इंग्रजी अमदानींत खडकवासल्याचें धरण झालें. आज खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी मावतें. पण तें सगळें शहराचें नाहीं. दौंड-इंदापूरकडील शेतकऱ्यांचा कालवा त्याच पाण्यावर चालतो. शहरानें एक घोट अधिक घेतला कीं तो कोणाच्या तरी उसाचा किंवा गव्हाचा असतो.

अशा स्थितींत २०१७ सालीं अकरा व २०२१ सालीं तेवीस गांवें महानगरपालिकेंत आलीं, आणि क्षेत्रफळानें पुणें मुंबईहूनही मोठें झालें. नकाशावर रेघ ओढावयास एक हुकूम पुरतो. जलवाहिनी, टाकी आणि शुद्धीकरणाचें केंद्र यांस वर्षें लागतात. मधल्या काळांत घरें बांधणें थांबत नाहीं. तेव्हां परवानगी देतांना बांधणाराकडून एक हमीपत्र घेण्याची वहिवाट पडली, कीं नळाचें पाणी येईपर्यंत रहिवाशांस पाणी मी पुरवीन. आमच्या मतें सगळ्या दुखण्याचें मूळ या कागदांत आहे. बांधणारा घरें विकून मोकळा होतो, वसाहतीचा कारभार रहिवाशांच्या संस्थेकडे येतो, आणि त्याबरोबर टँकरचें बिलही येतें. हमी एकानें दिली, पाळावयाची दुसऱ्यानें! २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें पाण्याच्या कारणावरून बाणेर-बालेवाडींतील नव्या बांधकामांच्या परवानग्यांस मनाई केली होती. ती कायमची नव्हती. तथापि पाणी नसेल तर परवानगीही नको, ही गोष्ट न्यायासनास पटली होती.

हा केवळ पैशाचा प्रश्न असता तर आम्ही इतकें लिहिलेंही नसतें. जानेवारी २०२५ मध्यें सिंहगड रस्त्याच्या बाजूस गिलियन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली. हातापायांतील शक्ति जाते, कांहीं रोग्यांस तर श्वासही यंत्रानें द्यावा लागतो. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत रोगी पुष्कळ निघाले व संशय पाण्यावर गेला. हीं गांवें खडकवासल्याच्या अगदीं शेजारचीं आहेत. धरण दारांत आणि घरांत मात्र पाणी उकळून पिण्याची पाळी!

यावर दुसरीकडे कांहीं उपाय झाला आहे काय, असें वाचक विचारतील. अमेरिकेंतील ॲरिझोना हें जवळजवळ वाळवंटी राज्य आहे. तेथें १९८० सालच्या भूजलाच्या कायद्यानें, फीनिक्ससारख्या भागांत, जमिनीचे सहा किंवा अधिक तुकडे पाडून विकणारास शंभर वर्षें पुरेल इतकें पाणी आहे हें आधीं सिद्ध करावें लागतें. जून २०२३ मध्यें फीनिक्सच्या परिसरांतील भूजल शंभर वर्षें पुरणार नाहीं असें आढळतांच, केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींस असे दाखले देणें थांबविण्यांत आलें.

अर्थात् पळवाट तेथेंही निघालीच. सहांपेक्षां कमी तुकडे पाडले तर दाखला नको. म्हणून पांच-पांच तुकड्यांनीं वस्ती वाढली. रिओ व्हर्डे फूटहिल्स नांवाच्या अशाच एका वस्तींतील शेंकडों घरें शेजारच्या स्कॉट्सडेल शहरांतून टँकरनें येणाऱ्या पाण्यावर जगत होतीं. १ जानेवारी २०२३ पासून त्या शहरानें, आमचेंच आम्हांस पुरत नाहीं म्हणून, तें पाणी बंद केलें. लोक पावसाचें पाणी बादल्यांत धरूं लागले. पुढें स्वतंत्र कायदा करून तात्पुरती सोय लावावी लागली.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत बयाणा देण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं दोन कामें अवश्य करावीं. वसाहतीस नळजोड प्रत्यक्ष मंजूर झाला आहे कीं नुसतें हमीपत्रच आहे, तें कागदावर पाहावें. मग त्याच रस्त्यावरच्या, चारपांच वर्षें वस्ती झालेल्या एखाद्या संस्थेच्या चिटणिसांकडे जाऊन एप्रिल व मे या दोन महिन्यांचीं टँकरचीं बिलें दाखविण्याची विनंति करावी. दिवस उन्हाळ्याचा असल्यास सकाळीं सातच्या सुमारास जावें. त्या वेळीं फाटकाशीं किती टँकर उभे आहेत, तेंही मोजून यावें.