हलक्या विमानातील राखीव बॅटरी : जोडणी, चार्जिंग आणि क्षमतेची परीक्षा

पिस्टन इंजिनाच्या बहुतेक हलक्या विमानांत ठिणगी मॅग्नेटोकडून मिळते. मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यावरच चालतो, म्हणून विमानातील सारी वीज गेली तरी इंजिन बंद पडत नाही. जुन्या विमानांत कृत्रिम क्षितिज निर्वात पंपावर चाले आणि उंची व वेग दाखवणारी उपकरणे हवेच्या दाबावर. वीज गेल्यास वैमानिक रेडिओ व दिवे गमावत असे, दिशा व तोल नव्हे. गेल्या दोन दशकांत ही सारी माहिती एक-दोन इलेक्ट्रॉनिक पडद्यांवर आली. वाचायला हे सोयीचे झाले, पण ढगात असताना पडदा काळा झाला तर चालू इंजिनाचा उपयोग मर्यादितच राहतो. राखीव बॅटरीची गरज येथून निर्माण होते. ज्या विमानांत ठिणगी व इंधनपुरवठाही संगणकाद्वारे नियंत्रित होतो, उदाहरणार्थ रोटॅक्स ९१२ आयएस इंजिनाच्या विमानांत, तेथे विजेवाचून इंजिनही चालत नाही आणि हा प्रश्न अधिकच गंभीर होतो.

अमेरिकेच्या हलक्या विमानांसाठीच्या जुन्या नियमावलीत, म्हणजे भाग २३ मध्ये, मुख्य वीजनिर्मिती बंद पडल्यावर आवश्यक उपकरणांना किमान ३० मिनिटे वीज मिळावी अशी स्पष्ट अट होती. बिघाड वैमानिकाच्या लक्षात येऊन अनावश्यक उपकरणे बंद होईपर्यंतचा वेळही या ३० मिनिटांतच धरला जाई. २०१७ साली ही नियमावली नव्याने लिहिली गेली, तरी अर्ध्या तासाचे हे माप आजही गणिताचा आरंभबिंदू म्हणून उपयोगी पडते.

गणिताचा एक नमुना पाहू. १२ व्होल्टच्या दोन आसनी विमानात मुख्य पडदा १.५ अँपिअर घेतो, स्थितीदर्शक संवेदक व जीपीएस मिळून ०.५, इंजिनदर्शक ०.४. रेडिओ ऐकताना थोडी आणि बोलताना २ अँपिअरहून अधिक धारा घेतो, सरासरी ०.६ धरावी. एकूण भार ३ अँपिअर. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी ७ अँपिअर-तासांची बंद शिसे-आम्ल बॅटरी बसवली, तर भागाकाराने २ तास २० मिनिटे मिळतात. हे उत्तर चुकीचे आहे. बॅटरीवर छापलेली क्षमता २० तासांत, म्हणजे ०.३५ अँपिअरने, रिकामी करताना मोजलेली असते. जलद उपसा केला की तीच बॅटरी कमी देते. ३ अँपिअरला तिच्याकडून सुमारे दीड तासाची अपेक्षा धरता येते. वयामुळे क्षमता ८० टक्क्यांवर आली की सव्वा तासाच्या आत, आणि बॅटरी शून्य अंशाच्या आसपास थंड झालेली असेल तर तासाभराच्या आत. कागदावरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ हाती राहतो, आणि छापील आकडा तर बदललेला नसतो.

आता जोडणी. पडदे, रेडिओ इत्यादींसाठी मुख्य वीजवाहिनीपासून वेगळी अशी ‘आवश्यक वाहिनी’ काढतात. मुख्य वाहिनीतून आवश्यक वाहिनीकडे वीज शॉट्की डायोडमधून जाते, उलट दिशेने येत नाही. हा डायोड नसेल तर अल्टरनेटर बंद पडताच राखीव बॅटरीतील वीज लँडिंग लाइट आणि रिकामी होत चाललेली मुख्य बॅटरी यांच्याकडे वाहून जाईल. साधा सिलिकॉन डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो, शॉट्की ०.३ ते ०.५. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण चार्जिंग नेमके त्यावरच अवलंबून आहे. मुख्य वाहिनी १४.२ व्होल्टवर असेल तर शॉट्कीपुढे सुमारे १३.८ व्होल्ट उरतात आणि बंद शिसे-आम्ल बॅटरी सतत भरलेली ठेवण्यास हाच दाब योग्य असतो. साध्या डायोडपुढे १३.५ च उरतात. त्या दाबावर, थोडा वेळ उडणाऱ्या विमानात, बॅटरी कायम थोडी अपुरीच भरते आणि अपुऱ्या चार्जिंगमुळे तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसत जातो.

रिकामी बॅटरी जोडली की ती सुरुवातीला भरमसाट धारा ओढते. ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण २ अँपिअरच्या पुढे जाऊ देऊ नये. म्हणून चार्जिंगच्या मार्गात १ ओहमचा रोध घालतात. बॅटरी ११.८ व्होल्टवर असताना १३.८ मधून उरलेले २ व्होल्ट त्या रोधावर पडतात आणि धारा २ अँपिअरवर राहते. बॅटरी भरत गेली की ती आपोआप घटते. रोधात ४ वॅट उष्णता होते, तेव्हा तो १० वॅटचा असावा. बॅटरीतून आवश्यक वाहिनीकडे जाणारा मार्ग मात्र या रोधातून नेऊ नये. तेथे वेगळा शॉट्की डायोड हवा. ओहमचा नियम शिकवण्यास याहून अर्थपूर्ण उदाहरण क्वचित सापडेल.

यांत्रिक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. ही बॅटरी सुमारे अडीच किलो वजनाची असते. कॉकपिटमधील सुट्या होऊ शकणाऱ्या वस्तूंसाठी जुन्या भाग २३ मध्ये पुढच्या दिशेने गुरुत्वाच्या १८ पट भार धरला आहे. म्हणजे तिचा कंस व पट्टा ४५ किलोचा ओढा सहन करणारा हवा. प्लास्टिकची बांधणी येथे चालत नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा, कारण फ्यूजच्या अलीकडची तार घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारे काहीच नसते. पीव्हीसी आवरणाची तार जळताना विषारी धूर सोडते, म्हणून विमानासाठीचीच तार वापरावी. प्रमाणित विमानात असा कोणताही बदल मान्यतेवाचून करता येत नाही. भारतात ती बाब नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या कक्षेत येते.

उष्णतेचा विचार आपल्या प्रदेशात टाळता येत नाही. १३.८ व्होल्ट हा आकडा २५ अंशांसाठी आहे. तापमान वाढेल तसा १२ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जिंगचा दाब अंशामागे सुमारे ०.०२ व्होल्टने कमी करावा लागतो; ४५ अंशांना तो १३.४ च्या आसपास येतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद कॉकपिटमधील उष्मा याहूनही अधिक. तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढल्यास अशा बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटऱ्या हलक्या असतात, म्हणून त्यांचा मोह होतो. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ च्या बॅटऱ्यांमध्ये बॉस्टन येथे आग लागली व जपानमध्ये धूर निघाला आणि जगभरातील सेवेतली सर्व ५० विमाने जमिनीवर ठेवावी लागली. त्या बॅटऱ्या लिथियम-कोबाल्ट-ऑक्साइड रसायनाच्या होत्या, लोह-फॉस्फेटच्या नव्हेत; हा फरक वर्गात सांगितला पाहिजे. लोह-फॉस्फेट तुलनेने सुरक्षित, परंतु शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये आणि तिचे संरक्षक इलेक्ट्रॉनिक मंडळ ऐन वेळी तिला वाहिनीपासून तोडू शकते, हेही सांगितले पाहिजे.

सेस्ना १७२ च्या जी१००० पडद्यांच्या प्रकारात २४ व्होल्टची राखीव बॅटरी असते. उड्डाणापूर्वी तिचा स्विच परीक्षेच्या बाजूला २० सेकंद दाबून धरायचा आणि हिरवा दिवा विझत नाही ना ते पाहायचे, अशी पद्धत आहे. ही परीक्षा आवश्यक आहे, पण तिने बॅटरी जोडलेली व जिवंत आहे एवढेच कळते. ती अर्धा तास टिकेल का, हे कळत नाही. व्होल्टमापकाचेही तसेच. क्षमतेने निम्मी झालेली बॅटरी विश्रांतीनंतर नव्या बॅटरीसारखेच १२.८ व्होल्ट दाखवू शकते. क्षमता कळते ती केवळ भार लावून, घड्याळ पाहून. विमानाच्या बॅटरीची अशी परीक्षा ठराविक काळाने घेतात आणि ठरलेल्या क्षमतेच्या ८० ते ८५ टक्के, उत्पादकाच्या अटीनुसार, न मिळाल्यास ती बदलतात.

हाच प्रयोग महाविद्यालयात करता येतो. यूपीएसमधून काढलेली एक जुनी व एक नवी ७ अँपिअर-तासांची बॅटरी, प्रत्येकीला मोटारीचे २१ वॅटचे दोन दिवे, मल्टिमीटर आणि घड्याळ एवढे साहित्य पुरते. दोन्ही पूर्ण चार्ज करून काही तास ठेवाव्यात व आधी नुसते व्होल्ट लिहून घ्यावेत. मग दिवे लावून दर ५ मिनिटांनी वाचन घ्यावे आणि १०.५ व्होल्टला थांबावे; त्याखाली उतरल्यास बॅटरीचे कायमचे नुकसान होते. आलेखात बराच वेळ संथ उतार आणि शेवटी एकदम कडा दिसतो. जुन्या बॅटरीचा कडा किती आधी येतो हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिले की छापील क्षमतेचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही. अंगठ्या व घड्याळे काढून ठेवावीत, खिडक्या उघड्या असाव्यात, आणि प्रयोगानंतर बॅटरी तशीच न ठेवता त्याच दिवशी, २ अँपिअरची मर्यादा घालून, १४.४ ते १४.७ व्होल्टवर भरण्यास लावावी. पूर्ण भरण्यास कित्येक तास लागतात.

विमानालाही हेच लागू आहे. तासाभराच्या उड्डाणात २ अँपिअर-तासांहून अधिक परत भरले जात नाही, म्हणून परीक्षेनंतर बॅटरी टेबलावरच्या चार्जरने भरूनच विमानात बसवतात. सेस्नात उड्डाण संपल्यावर राखीव बॅटरीचा स्विच सज्ज स्थितीत राहिला, तर मुख्य स्विच बंद होताच ती पडद्यांना वीज देऊ लागते आणि हँगरमध्ये गुपचूप रिकामी होते. विमान बंद करण्याच्या यादीत त्या स्विचला स्वतंत्र ओळ आहे, ती यासाठीच.